डोंगरावरून उतरलेला कवी

मुळशी तालुक्यातल्या घनगडावर चढून गेलेल्या माणसाला माथ्यावरचा उजेड कितीही भावला, तरी दिवस मावळायच्या आत खाली उतरावेच लागते. ख्रिस्ती पंचांगातला रूपांतराचा सण हेच सांगतो. डोंगरावर येशूचे रूप तेजाने उजळले. पेत्राला वाटले, येथेच तीन मंडप घालून राहावे. पण सगळे खाली आले, आणि पायथ्याशी एक आजारी मुलगा त्यांची वाट पाहत होता.

इतर अनेक पंथ हा सण ६ ऑगस्टला पाळतात. सोळाव्या शतकातल्या लुथरन सुधारकांनी तो उपवासकाळाच्या उंबरठ्यावर आणून ठेवला. जुन्या लुथरन क्रमात या सणानंतरच्या रविवारी, म्हणजे सेप्टुआजेसिमाला, उपवासकाळाची पूर्वतयारी सुरू होते. पुढे राखेचा बुधवार आणि मग रविवार सोडून चाळीस दिवस. उपवास ही शरीराची चांगली शिस्त आहे, पण त्याने पुण्य कमावता येत नाही, अशी मार्टिन लुथरची शिकवण होती.

आपल्या नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. त्या वर्षी ईस्टर १४ एप्रिलला होता. हिशेब केला, तर टिळकांचा तो रविवार नेमका सेप्टुआजेसिमाचा निघतो. टिळक लुथरन नव्हते. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत अशा तिथींना फारसे महत्त्वही नव्हते. हा निव्वळ योगायोग. तरीही त्यांचे पुढचे आयुष्य पाहिले, की तो मनातून जात नाही.

१८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेला हा चित्पावन कवी १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाला होता. डब्यातल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्याच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने टिळकांना वेड लावले. तो त्यांचा माथ्यावरचा उजेड. त्याची किंमत मात्र खाली उतरल्यावर द्यावी लागली. आप्त तुटले, आणि पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. किंमत एकट्या टिळकांनी दिली नाही. पदरात लहान मूल घेऊन ती लक्ष्मीबाईंनीही दिली, आणि निर्णय त्यांचा नसताना दिली. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला हे विसरता येत नाही. पुढे त्या नगरला नवऱ्याकडे आल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या.

नगरला टिळकांना मान होता, काम होते, 'ज्ञानोदया'चे संपादन होते, घरात बालकवींसारखा मुलगा वाढत होता. मंडप घालून राहावे अशीच ती जागा. पण १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले तिथे एकत्र बसत. वयाच्या छपन्नाव्या वर्षी पत्करलेले हे वैराग्य पुण्याच्या जमाखर्चासाठी नव्हते. आपल्या माणसांत मिसळता यावे, एवढ्यासाठी होते.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या वर्षीचा ईस्टर २० एप्रिलला होऊन गेला होता. पंचांगाप्रमाणे पुनरुत्थानाच्या आनंदाचे दिवस सुरू होते. 'ख्रिस्तायन' अर्धेच राहिले. ज्यांना एकदा मागे ठेवून ते डोंगर चढले होते, त्या लक्ष्मीबाईंनीच पुढे ते पूर्ण केले.