गवतातलं टेकऑफ का फसतं? विल्बर राईटची गोष्ट

दिवाळीच्या सुट्टीत राजूरला घरामागच्या माळावर मी माझं थर्माकोलचं आरसी विमान पहिल्यांदा उडवलं. उडवलं म्हणजे काय, चाकं गवतात अडकत होती, समोरचा बांध जवळ येत होता, म्हणून घाईत स्टिक मागे ओढली. विमानाने नाक वर केलं, क्षणभर हवेत थांबलं आणि धप्पकन खाली! प्रोपेलर गेला.

चूक शोधता शोधता मी विल्बर राईटपर्यंत पोचलो. १८६७ साली जन्मलेला हा माणूस. तरुणपणी हॉकी खेळताना तोंडावर मार बसला आणि काही वर्षं तो घरातच राहिला. आजारी आईची सेवा करायची आणि वडिलांची पुस्तकं वाचायची, एवढंच. पुढे भाऊ ऑरविलसोबत डेटनला सायकलचं दुकान टाकलं.

१४ डिसेंबर १९०३ ला दोघांनी नाणेफेक केली, विल्बर जिंकला. आणि त्याने नेमकं माझ्यासारखंच केलं! नाक जास्त वर घेतलं, वेग पडला, साडेतीन सेकंदांत विमान वाळूत. यालाच स्टॉल म्हणतात. पंखाचा हवेशी कोन फार वाढला की वरून जाणारी हवा पंखाला सोडून देते आणि उचल कोसळते. दुरुस्ती होईपर्यंत १७ तारीख उजाडली, तेव्हा पाळी ऑरविलची होती. पहिल्या उड्डाणाचा मान असा हुकला.

पण मला खरी भारी गोष्ट वाटते १९०४ ची. आता दोघे डेटनजवळच्या हफमन प्रेअरी या गायरानात आले. आधी गाई-घोडे हाकलायचे, मग उड्डाण. आधीच्या किनाऱ्यावर समोरून जोराचा वारा मिळायचा. विमानाला जमिनीवरचा नाही, हवेतला वेग लागतो, त्यामुळे वारा अर्धं काम करायचा. इथे वारा मंद, उन्हाळ्याची हवा विरळ, जमीन खाचखळग्यांची. विमानाला चाकं नव्हतीच, ते लाकडी रुळावरून सुटायचं आणि वारा फिरला की अख्खा रूळ उचलून पुन्हा मांडायचा. मे महिन्यात पत्रकार बोलावले, तर विमान रुळाच्या टोकावरून तसंच खाली घसरलं. काय वाटलं असेल!

मग त्यांनी सुमारे सहा मीटर उंच मनोरा उभारला. वर पाचशे किलोहून जास्त वजन टांगलं. वजन सोडलं की दोर ओढला जायचा आणि विमान झटक्यात पुढे. सप्टेंबरपासून छोट्या रुळावरूनही टेकऑफ जमू लागलं. २० सप्टेंबरला विल्बरने हवेत पूर्ण गोल चक्कर मारली, आणि ऑक्टोबर १९०५ मध्ये त्याच कुरणावर सलग ३९ मिनिटं उडला.

३० मे १९१२ ला तो गेला, अवघ्या ४५ व्या वर्षी. विमानामुळे नाही, टायफॉइडने.

माझा नवा प्रोपेलर आलाय. या वेळी चाकं काढून टाकतोय, वाऱ्याकडे तोंड करून हातानेच फेकणार.