स्वदेशी यंत्रांचे अग्रदूत लक्ष्मणराव किर्लोस्कर

जुनी मोटारसायकल असो वा विहिरीवरचे जुने ऑइल इंजिन, ते पुन्हा सुरू करताना पहिली अडचण येते ती मूळ सुट्या भागांची. नावपट्टीवरील मॉडेल व क्रमांक वाचावा, सिलिंडरचा व्यास मोजावा, मगच योग्य पिस्टन आणि रिंगा ठरतात. दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावात ही शोधाशोध आजही सोपी नाही. शंभर वर्षांपूर्वी तर यंत्रही सातासमुद्रापलीकडचे आणि त्याचा भागही तिकडचाच. हे परावलंबन मोडण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

२० जून १८६९ रोजी बेळगावनजीकच्या गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. चित्रकार होण्याच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद डोळ्यांना उमगत नसल्याने ती वाट सोडावी लागली. यांत्रिक रेखाटनाला मात्र रंगांची गरज नव्हती. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले. पुढे पदोन्नतीत डावलले गेल्यावर नोकरीचा त्याग करून ते बेळगावास परतले.

तेथे बंधू रामूअण्णांसह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. सायकली परदेशी, महागड्या. त्यांची विक्री, दुरुस्ती आणि चालविण्याचे शिक्षण असा तो व्यवसाय होता. बिघडलेली वस्तू उघडून पाहणाऱ्याला ती कशी घडली हेही कळते. त्यातूनच कडबा कापण्याचे यंत्र आणि नंतर लोखंडी नांगर तयार झाले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. नांगराचा फाळ झिजणारच. तो बदलून देणारा कारखाना जवळ असणे शेतकऱ्याच्या दृष्टीने नांगराइतकेच महत्त्वाचे होते.

बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडण्यास सांगितल्यावर कारखान्यापुढे अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. १९१० मध्ये निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. तेथे अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्यांवरही त्यांनी रखवालीचे काम विश्वासाने सोपविले.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणे अवघड झाले. स्वदेशी अवजारांची मागणी वाढली, पण कच्चे लोखंड आणि कोळसा मिळेना. तरीही भट्टी थंडावू न देता त्यांनी कारखाना टिकविला. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. १९४६ मध्ये पुत्र शंतनुराव यांनी पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना केली आणि नांगरापासून निघालेला प्रवास इंजिनापर्यंत पोहोचला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

आजचा कारागीर नावपट्टीवरील क्रमांक टिपून जुन्या देशी इंजिनाचा भाग शोधावयास निघतो, तेव्हा तो भाग याच देशात कोठेतरी ओतला गेला आहे, एवढा भरवसा त्याच्या गाठीशी असतो. हा भरवसा निर्माण करणाऱ्यांत बेळगावच्या त्या सायकल दुकानदाराचा वाटा मोठा आहे.