रंग ओळखता येईनात म्हणून चित्रकला सोडली, सायकली दुरुस्त केल्या आणि पुढं तोफा वितळवून नांगर बनवले

कोल्हापूरच्या रेल्वेस्टेशनवर उतरलं की जवळच शाहूपुरी. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली ही व्यापारपेठ वसवली. गावोगावच्या गुऱ्हाळातला गूळ इथं यायचा आणि रेल्वेनं बाहेर जायचा.

त्याच काळात शे-सव्वाशे किलोमीटरवर, बेळगावात एक वेगळंच दुकान चालू होतं. तिथं मिळायची सायकल. तेव्हाच्या लोकांसाठी ती नवलाईची वस्तू होती. दोन चाकांवर माणूस पडत कसा नाही, हे बघायलाच गर्दी व्हायची.

हे दुकान होतं किर्लोस्कर बंधूंचं. त्यातल्या धाकट्या भावाला पुढं सगळा महाराष्ट्र ओळखू लागला. नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

या माणसाकडं इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. जे शिकला ते खोलून, जोडून आणि वाचून. आजच्या भाषेत सांगायचं तर पक्का डू इट युवरसेल्फवाला.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा. गाव बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या आणि पोराचं लक्ष मात्र यंत्रात आणि चित्रात. शाळेत मन रमेना. शेवटी थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामुअण्णा, पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

आणि तिथं घोळ झाला.

चित्र काढायला हात चांगला होता, पण काही रंगांमधला फरक डोळ्यांना कळतच नव्हता. रंगांधळेपणाचा दोष निघाला. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथंच संपलं.

दुसरा कोणी असता तर गावाकडची गाडी पकडली असती. लक्ष्मणरावांनी मात्र एक गोष्ट हेरली. यंत्राच्या आराखड्याला रंग लागत नाहीत, रेषा लागते. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास केला आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायला लागले. नोकरी रेखाटन शिकवण्याची, पण मोकळा वेळ वर्कशॉपमध्ये. यंत्र कसं चालतं, कुठं अडतं, कसं उघडायचं, हे सगळं तिथं शिकून घेतलं.

सायकल त्यांच्या आयुष्यात आली ती मुंबईतच. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ले यांनी दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल आणली होती. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. जगातलं हे ताजं वाहन मुंबईच्या रस्त्यावर बघून लक्ष्मणरावांनी एक सायकल घेतली. मग ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि रामुअण्णा बेळगावात विकायचे. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो ती इथूनच.

आता विचार करा, ज्या गावात कुणाला सायकल चालवता येत नाही, तिथं ती विकायची कशी?

किर्लोस्कर बंधूंनी साधा उपाय काढला. सायकल विकायची आणि चालवायलाही शिकवायची. बिघडली तर दुरुस्त करून द्यायची. नवीन यंत्र माणसाच्या हातात देऊन निघून जायचं नाही, हा धडा इथं मिळाला. तो पुढं आयुष्यभर कामाला आला.

१८९७ च्या सुमारास मुंबईतल्या नोकरीत बढती हक्काची असूनही ती अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. डोक्यात पक्कं होतं, आता स्वतः यंत्रं बनवायची.

छोटं वर्कशॉप सुरू झालं. अमेरिकी मासिकं आणि पुस्तकं मागवायची, चित्रं बघायची आणि आपल्या हातांनी करून बघायचं, हाच अभ्यासक्रम. आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं. मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? शेतकऱ्यांना वाटायचं, लोखंडानं जमीन नासते, रानात विष पसरतं. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर चालवलेल्या माणसाची ही भीती खोटी कशी ठरवायची? पहिले नांगर खपायला जवळपास दोन वर्षं गेली.

पुन्हा सायकलवालाच मार्ग. रानात जाऊन नांगर चालवून दाखवायचा. कुठं मोडतो, कशानं झिजतो ते बघायचं. मग ओतकामाचा अभ्यास करून फाळ आणखी टिकाऊ करायचा. हळूहळू मागणी वाढली.

गाडी रुळावर येतेय म्हणेपर्यंत बेळगाव नगरपालिकेची नोटीस आली. कारखान्याची जागा नव्या वसाहतीसाठी हवी होती. जागा सोडा, एवढाच विषय.

आता दुसऱ्या जागेसाठी पैसे आणायचे कुठून?

मदतीला आले औंध संस्थानचे राजे, बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंधला देवीच्या सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांनी केलं होतं, त्यामुळं ओळख होती. राजेसाहेब स्वतः चित्रकार. त्यांनी रंगांधळेपणामुळं चित्रकला सोडावी लागलेल्या माणसाला जमीन दिली आणि १० हजार रुपयांचं कर्जही.

जमीन होती कुंडल रोड स्टेशनजवळ, ३२ एकर. ऐकायला भारी वाटतं, पण तो सगळा माळ होता. निवडुंग, दगड आणि साप. पाण्याची बोंब. १९१० मध्ये थोडे कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन लक्ष्मणराव तिथं गेले. सुरुवातीला डोक्यावर धड छप्परही नव्हतं. त्याच माळावर कारखाना उभा राहिला आणि भोवती गाव वसलं. तेच आजचं सांगली जिल्ह्यातलं किर्लोस्करवाडी.

सोबतचे लोकही त्यांच्यासारखेच. कारखान्याचे इंजिनिअर शंभुराव जांभेकर यांनी कॉलेज अर्धवट सोडलं होतं. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही इथं काम मिळालं. आणि गावात शिवाशिव पाळायची नाही, हा नियम होता.

मग १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. परदेशातून येणारं लोखंड आटलं. ओतकामाला लोखंडच नाही म्हटल्यावर नांगर कशाचे करायचे? कारखाना बंद पडायची वेळ आली.

इथं परत कोल्हापूर येतं.

शाहू महाराजांच्या संस्थानात जुन्या तोफा पडून होत्या. महाराजांनी त्या लक्ष्मणरावांना दिल्या. किर्लोस्करवाडीच्या भट्टीत तोफा वितळल्या आणि त्यातून नांगर बाहेर पडले. युरोपात शेतातल्या लोखंडाच्या तोफा होत असताना इथं नेमकं उलटं चाललं होतं.

युद्ध संपल्यावर कारखाना वाढतच गेला. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड स्थापन झाली. नांगराच्या जोडीला भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, पाण्याचे पंप आणि ऊस गाळायचे चरक आले. पुढं १९४६ मध्ये बेंगळुरूत विजेच्या मोटरींची आणि पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी सुरू झाली. तोवर कारभार मुलगा शंतनुरावांच्या पिढीकडं आला होता.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणरावांचं निधन झालं. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला भारतीय टपाल खात्यानं त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. ज्या बेळगावातून कारखाना उचलावा लागला, तिथं आज किर्लोस्कर रोड आहे.

आज जुन्या सायकलला मोटर आणि बॅटरी जोडून इलेक्ट्रिक सायकल करणारी पोरं गावोगावी दिसतात. घरचे म्हणतात, हे उद्योग सोड आणि परीक्षेचं बघ. बरोबरच आहे, परीक्षाही द्यावी लागते. पण त्या पोराची सायकल शेजारचा माणूस चालवायला घेईल आणि बिघडली तर त्याच्याचकडं आणेल, त्या दिवशी समजायचं की बेळगावच्या त्या दुकानाची पहिली पायरी त्यानं गाठली.