हवेने गिळलेला उजेड

बारावीच्या भौतिकशास्त्रात ‘लायमन श्रेणी’ एका ओळीत येते आणि जाते. त्या ओळीमागचा माणूस मला मात्र सोडवत नाही.

थिओडोर लायमन १८७४ मध्ये बॉस्टनच्या सधन घरात जन्मला. सुखाने बसून खाता आले असते. पण हार्वर्डमध्ये तो अशा अतिनील प्रकाशाच्या मागे लागला, ज्याला खोलीभर हवाही ओलांडता येत नाही! हवा काढलेल्या उपकरणात लाइपझिगच्या व्हिक्टर शूमानने त्याची छायाचित्रे घेतली होती. परंतु फ्लोराइटच्या लोलकाने तरंगलांबी नेमकी कळेना. लायमनने बारीक रेघा कोरलेला अंतर्वक्र आरसा वापरला. त्या रेघांत दोष असला तर वर्णपटात खोट्या रेषा उमटतात, हे त्यानेच तरुणपणी दाखवले होते. त्यामुळे प्रत्येक रेषा तो संशयाने पाही. १९०६ मध्ये हायड्रोजनच्या रेषा हाती लागल्या, १९१४ मध्ये श्रेणी जुळली. मधेच, १९१२ साली, स्वारी अल्ताई पर्वतात प्राणी गोळा करायला!

त्याची पहिली रेषा १२१.६ नॅनोमीटरची. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’मध्ये प्रतिद्रव्याचा हायड्रोजन थंड करायला हाच प्रकाश लागला, ते यश २०२१ मध्ये जाहीर झाले. ३६५ नॅनोमीटरचे लेसर-स्पंद क्रिप्टॉन वायूतून सोडले, की तीन प्रकाशकणांचा एक होतो. लहरींची पावले जुळावीत म्हणून आर्गॉन मिसळतात. तरीही मूळ प्रकाशाचा क्षुल्लक अंशच हाती येतो. असा विनिमयदर आमच्या बँकेत कुणी मान्य केला नसता.

लायमन १९५४ मध्ये वारला. पहिला लेसर १९६० चा.