माळरानाचा कैवारी

दौलताबादच्या किल्ल्यावरून उन्हाळ्यात खाली पाहिले, की पिवळे पडलेले माळ दिसतात. आपण त्यांना ओसाड म्हणून मोकळे होतो. असल्या माळांना भरले घर समजणारा एक माणूस १९३१-३२ साली निजामाच्या राज्यात पक्षी पाहत हिंडला. शहरात दिल्ली दरवाजाजवळच्या सरोवराला ज्यांचे नाव आहे, तेच हे डॉ. सालिम अली.

जन्म मुंबईचा, १२ नोव्हेंबर १८९६. आईवडील लवकरच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी वाढविले. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, आणि पोराचे कुतूहल पाहून मामांनी त्याला बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. चिटणीस मिलार्ड यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे त्याच्यापुढे उघडली. सारे आयुष्य तिथेच ठरले!

पदवी नाही म्हणून सरकारी प्राणिशास्त्र खात्यातली जागा हुकली. (पदवीसाठी धडपडणार्‍या आपण सर्वांनी हे ध्यानात घ्यावे.) बर्लिनला स्ट्रेझेमान यांच्याकडे शिकून परतले, तो संग्रहालयातली नोकरीही गेलेली. तेव्हा केवळ खर्च घेऊन, वेतनाविना, संस्थानांतले पक्षी नोंदण्याचे काम त्यांनी पत्करले. हैदराबाद त्यांतले पहिले. तंबूतला संसार पत्नी तेहमिना यांनी हसत केला. १९३९ मध्ये त्या वारल्या. संशोधनासाठी पक्षी मारावे लागत, हेही लपवू नये. त्याच माणसाने पुढे पक्ष्यांसाठी राज्यकर्त्यांचे दरवाजे ठोठावले.

राष्ट्रीय पक्षी माळढोक व्हावा, असे त्यांचे मत होते. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. माळढोक हा मीटरभर उंचीचा, जड अंगाचा पक्षी. टोळ-भुंगेरे खाणारा, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालणारा. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. २० जून १९८७ रोजी डॉक्टर गेले.

आम्ही काही मित्र नान्नजला जाऊन आलो. कुसळी आणि मारवेल गुडघ्यापर्यंत, त्यांत काळविटांचा कळप, एक खोकड. माळढोक दिसला नाही. आता तो राज्यात अगदी दुर्मीळ झाला आहे. त्याला मोकळे रान लागते, दूरवरचे दिसावे लागते. गवतात झाडे दाट लावली, की त्याचे घरच जाते, हे तिथे उमगले. परतीच्या गाडीत कुणी फारसे बोलले नाही. दौलताबादच्या माळावर श्रमदान शिबिरात झाडांसाठी खड्डे आम्हीच खणले होते.