क्षिप्रातीरीचे दंडग्रहण

श्रीवासुदेवानंद सरस्वती (टेंबे) महाराजांचे वैराग्य त्यांच्या संन्यासाहून पुष्कळ जुने होते. इ. स. १८५४ मध्ये सावंतवाडीनजीक माणगावी जन्मलेल्या या वेदसंपन्न पुरुषास संसाराची गोडी अशी नव्हतीच. परंतु गृहस्थधर्म पत्करलेला. आणि श्रीदत्तप्रभूंच्या आज्ञेवाचून पाऊल उचलावयाचे नाही, हा नेम. १८८३ मध्ये माणगावी दत्तमंदिर उभे राहिले. पुढे आज्ञा होताच तेही मागे ठेवून महाराज पत्नी अन्नपूर्णाबाईंसह बाहेर पडले. या साध्वीविषयी चरित्रांतून फारच थोडे वाचावयास मिळते. वास्तविक त्या प्रतीक्षेचा अर्धा भार तिनेच वाहिला.

१८९१ च्या वैशाखात गोदातीरी गंगाखेड येथे तिने देह ठेवला. उत्तरकार्य यथाशास्त्र आटोपल्यावरच महाराजांनी तेथे संन्यास घेतला. दंड मात्र अजून व्हावयाचा होता. त्यासाठी ते पायी उज्जयिनीस गेले व श्रीनारायणानंद सरस्वती स्वामींकडून त्यांनी दंड ग्रहण केला. वय तेव्हा सदतिसाच्या घरात. पहिला चातुर्मास महाकालाच्या त्याच नगरीत, गुरुसन्निध झाला. पुढील तेवीस वर्षांची पायी भ्रमंती १९१४ मध्ये नर्मदातीरी गरुडेश्वरी थांबली.