वायुघटाचा जनक : विल्यम ग्रोव्ह

पाण्यातून विजेचा प्रवाह सोडला की पाणी फुटून त्याचे हायड्रोजन व प्राणवायू असे दोन वायू होतात. हा शोध इ. स. १८०० मध्ये लंडन येथे लागला. त्यानंतर अनेकांनी हा प्रयोग करून पाहिला. परंतु या घटनेची दुसरी बाजू तपासून पाहणारे फारच थोडे निघाले. विजेने पाणी फुटत असेल, तर त्याच दोन वायूंचे पुन्हा पाणी होताना वीज परत मिळावयास नको काय? या प्रश्नाचे उत्तर प्रयोगाने देणारा मनुष्य व्यवसायाने वकील होता. त्याचे नाव विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह.

ग्रोव्हचा जन्म ११ जुलै १८११ रोजी वेल्स प्रांतातील स्वान्सी या बंदराच्या गावी झाला. ऑक्सफर्ड येथे शिक्षण झाल्यावर त्याने कायद्याचा अभ्यास केला व १८३५ मध्ये तो वकील झाला. पण त्याची प्रकृती नाजूक होती. कोर्टकचेऱ्यांची दगदग त्याला सोसेना. सक्तीने मिळालेला हा रिकामा वेळ त्याने वाया दवडला नाही. लहानपणापासून प्रिय असलेल्या शास्त्राकडे तो वळला.

१८३९ मध्ये त्याने एक नवा विद्युत्घट तयार केला. त्यात सौम्य गंधकाम्लात जस्त आणि सच्छिद्र भांड्यातील तीव्र नत्राम्लात प्लॅटिनम ठेवलेले असे. या घटाचा प्रवाह इतका जोरदार होता की, पुढे अमेरिकेतील तारायंत्रांसाठी तो वापरण्यात आला. मात्र त्यातून विषारी वायू बाहेर पडत. १८४१ मध्ये ग्रोव्ह लंडन इन्स्टिट्यूशन या संस्थेत प्राध्यापक झाला.

तेथे १८४२ मध्ये त्याने आपला सुप्रसिद्ध प्रयोग केला. सौम्य गंधकाम्लाच्या भांड्यात त्याने दोन काचनळ्या उपड्या ठेवल्या. प्रत्येक नळीत प्लॅटिनमची पट्टी होती. एका नळीत हायड्रोजन व दुसरीत प्राणवायू भरला. पट्ट्या तारेने जोडताच वीज वाहू लागली आणि वायू खर्च होऊन नळ्यांतील द्रव हळूहळू वर चढू लागला. हायड्रोजन प्राणवायूच्या दुप्पट खर्च होई. कारण पाण्यात या वायूंचे प्रमाण तेवढेच असते. एका घटाची शक्ती अल्प, म्हणून ग्रोव्हने पन्नास घट ओळीने जोडले. तेव्हा हातांत हात धरून उभ्या राहिलेल्या पाच माणसांना विजेचा धक्का जाणवला! मग त्याने घटांच्या तारा पाण्याच्या वेगळ्या भांड्यात सोडल्या. घटांत पाणी तयार होत होते आणि त्यातून निघालेल्या विजेने दुसरीकडे पाणी फुटत होते. एका शक्तीचे दुसऱ्या शक्तीत रूपांतर होते, हे डोळ्यांना दिसले. हाच विचार त्याने १८४६ मध्ये एका ग्रंथात विस्ताराने मांडला.

तथापि हा वायुघट व्यवहारात उपयोगी पडला नाही. वायू, द्रव आणि प्लॅटिनम ही तिन्ही जेथे एकत्र येतात, तेथेच वीज उत्पन्न होते. नळीतील ती जागा अगदी चिंचोळी असे. ती वाढविली पाहिजे, हे ग्रोव्हने ओळखले होते. पण त्या काळी तसे साधन नव्हते. शिवाय वाढत्या कुटुंबाचा खर्च प्राध्यापकाच्या वेतनात भागेना. १८४६ मध्ये ती जागा सोडून तो पुन्हा वकिलीकडे वळला. १८७१ मध्ये तो न्यायाधीश झाला आणि १ ऑगस्ट १८९६ रोजी लंडन येथे मरण पावला. तोपर्यंत त्याचा वायुघट हे प्रयोगशाळेतील एक नवल होऊन राहिले होते.

पुढे इंग्लंडमध्ये फ्रान्सिस टॉमस बेकन या अभियंत्याने हे काम हाती घेतले. सच्छिद्र धातूच्या पट्ट्या वापरून त्याने ती चिंचोळी जागा वाढविली आणि सुमारे सत्तावीस वर्षे खपून १९५९ मध्ये पाच किलोवॅटचा घटसंच चालवून दाखविला. १९६९ मध्ये चंद्राकडे गेलेल्या यानाला अशाच घटांनी वीज पुरविली. त्यांत तयार झालेले पाणी अंतराळवीर प्यायले. २०२२ मध्ये पुणे येथे भारतीय शास्त्रज्ञांनी बनविलेल्या घटावर एक बस धावली.

आज विजेवर चालणारी लहानशी स्कूटरही या घटावर चालविता येते. तिची मोटर तीच राहते; मोठ्या बॅटरीच्या जागी हायड्रोजनची टाकी व घटांची चळत बसवितात. आम्लाऐवजी आता पातळ पडदा असतो, आणि प्राणवायू हवेतूनच घेतला जातो. परंतु प्लॅटिनम अजून लागतेच. आणि एका घटाची शक्ती अल्प असल्यामुळे अनेक घट ओळीने जोडावे लागतात, जसे ग्रोव्हने पन्नास जोडले होते. अशा स्कूटरमधून धूर निघत नाही. निघते ते केवळ पाणी. मात्र तिच्यासाठी लागणारा हायड्रोजन कोळशापासून किंवा नैसर्गिक वायूपासून बनविला, तर हवा दुसरीकडे दूषित होतेच. सूर्याच्या वा वाऱ्याच्या शक्तीने पाणी फोडून तो मिळविला, तरच हा दोष टळतो.

म्हणजे तेथेही एकीकडे पाणी फोडावयाचे आणि दुसरीकडे ते पुन्हा जुळवावयाचे! आजारपणाने कोर्टापासून दूर राहिलेल्या एका वकिलाने १८४२ मध्ये आपल्या काचेच्या नळ्यांत हेच करून दाखविले होते. त्याचे फळ पाहण्यास तो उरला नाही. पण फळ दिसत नाही म्हणून त्याने प्रश्न विचारणे सोडले नव्हते.